रिमोट चावीच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक : गाडी असणाऱ्यांनी कृपया वाचावे

नाशिकमध्ये गाडीची रिमोट चावी दुरुस्त करून घेताना आमची जी फसवणूक झाली, ती केवळ पैशांपुरती असती तर कदाचित मी लिहायला बसले नसते. पण या प्रकरणात आमच्या गाडीची चालू चावी आमच्या नकळत दुकानदाराच्या खणात राहिली होती आणि घरातली दुसरी चावी निरुपयोगी होऊन बसली होती. हे वेळीच लक्षात आले नसते तर पुढे काय घडले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. तक्रार अद्याप प्रलंबित असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. चावी बनवणारे आणि दुरुस्त करणारे असंख्य कारागीर प्रामाणिक आहेत, त्यांच्यावर या लिखाणाचा ठपका येऊ नये, हीही एक इच्छा आहे.

आमची गाडी साधी हॅचबॅक, चावी फिरवून सुरू होणारी. चावी घडीची, म्हणजे कळ दाबली की पाते बाहेर येते अशी. पावसाळ्याच्या सुमारास तिचे लॉकचे बटण त्रास देऊ लागले. नखाने जोर देऊन पुन्हा पुन्हा दाबावे तेव्हा कुठे दारे बंद होत. अनलॉकचे बटण मात्र पहिल्याच दाबाला काम करी, तेही बऱ्यापैकी लांबून, आणि गाडी विनातक्रार सुरू होई. वाचकांनी ही लक्षणे ध्यानात ठेवावीत, कारण दुकानात आम्हाला जे सांगण्यात आले ते किती खोटे होते, हे याच लक्षणांवरून कळते.

दुकान आमच्याच भागातले, इंटरनेटच्या नकाशावर भरपूर तारे मिळालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला ठाण्याला जायचे होते, म्हणून संध्याकाळी मी तिथे गेले आणि बोलता बोलता ते सांगितलेही. काउंटरवरच्या माणसाने बटण दाबून पाहिले, चावी कानाजवळ नेऊन हलवली आणि "मशीनवर चेक करतो" म्हणून ती आतल्या खोलीत नेली. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता. चावीतली चिप जळत आली आहे, तिच्यामुळे गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, चुकीचा सिग्नल जातो आहे आणि गाडी कुठेही बंद पडू शकते, असे त्याने सांगितले. मी म्हटले की आत्ताच तर गाडी चालवत आणली आहे. त्यावर तो म्हणाला, "ताई, लावून बघा ना."

मी चावी लावली. स्टार्टर फिरला, पण इंजिन काही पकडेना, आणि डॅशबोर्डवर चावीचे लाल चिन्ह भराभर लुकलुकू लागले. जी गाडी अर्ध्या तासापूर्वी व्यवस्थित चालत होती, ती माझ्या डोळ्यांदेखत बंद झाली होती. "कसाऱ्याच्या घाटात असं झालं असतं तर काय केलं असतं तुम्ही?" असे तो अगदी आपुलकीने म्हणाला. नवी रिमोट चावी आणि तिचे प्रोग्रॅमिंग मिळून ८,५०० रुपये, शिवाय दुकान बंद व्हायची वेळ झालेली. त्याने स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याच्या जागी, एक यंत्र जोडले, काही वेळ त्यावर काम केले, आणि नवी चावी फिरवताच गाडी सुरू झाली. पैसे यूपीआयने घेतले. खात्यावरचे नाव दुकानाचे नव्हते, कोणा व्यक्तीचे होते. बिल मागितले तर "मशीन बंद आहे, उद्या व्हॉट्सॲपवर टाकतो" असे उत्तर मिळाले. जुनी चावी परत मागितली, तेव्हा ती आता निकामी असून टाकूनच द्यायची आहे, असे सांगण्यात आले.

आता आत काय झाले असावे ते सांगते. हे पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या तंत्रज्ञाने मला आमचीच चावी उघडून समजावले. अशा चावीत दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक रिमोटची. तिच्यात छोटी सर्किटची पट्टी असते, तिला नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल लागतो, आणि बटण दाबले की ती दारांच्या कुलपांना रेडिओ संदेश पाठवते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो. दुसरी यंत्रणा इमोबिलायझरची, म्हणजे परक्या चावीने गाडी सुरू होऊ न देणारी. तिच्यासाठी चावीत ट्रान्सपाँडर नावाची इवलीशी चिप असते. तिला सेल लागत नाही. चावी फिरवण्याच्या कुलपाभोवती जे तारेचे वेटोळे असते, त्यातूनच तिला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख गाडीला पटवते. ओळख पटली तरच इंजिन सुरू राहते. म्हणूनच रिमोटचा सेल पूर्ण संपला तरी अशी गाडी सुरू होते, आणि उलट ही चिप काढून घेतली तर बटणे छान चालत असूनही ती सुरू होत नाही.

आमच्या चावीत ही चिप सर्किटच्या पट्टीवर डकवलेली नव्हती, कवचातल्या वेगळ्या खाचेत बसवलेली होती. काळा, चपटा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा. चिमट्याने ओढला की सहज हातात येतो. कवचाच्या सांध्यावर पेचकसाचे ताजे ओरखडे होते आणि खाचेची एक कड मोडलेली होती. चावी तपासण्याच्या निमित्ताने आत नेऊन चिप काढून घेतली, गाडी बंद पडलेली मला दाखवली आणि मग नवी चावी विकली, याखेरीज दुसरा अर्थ त्यातून निघत नाही. ज्या चिपने गाडी दुकानापर्यंत आणली, ती जळत आली होती हे म्हणणेच मुळात टिकत नाही. आणि एक बटण पहिल्या दाबाला चालत असेल, तर सेल व रिमोटचे सर्किट ठीक असून बिघाड फक्त दुसऱ्या बटणाखालच्या मायक्रोस्विचचा आहे, हे या कामातल्या कोणालाही पाहताक्षणी कळते.

खरा धक्का घरी बसला. कपाटातली जादा चावी ठाण्याच्या प्रवासासाठी सोबत घ्यावी म्हणून यजमानांनी ती लावून पाहिली, तर तिच्यानेही गाडी सुरू होईना. ती चावी त्या दुकानात गेलीच नव्हती. ठाण्याचा बेत रद्द करून आम्ही सकाळी सर्व्हिस सेंटर गाठले. त्यांनी स्कॅनर लावला आणि आमच्या हातात चालणारी एकच चावी असताना गाडीच्या संगणकात दोन चाव्यांची नोंद असल्याचे दाखवले. अनेक गाड्यांत नवी चावी नोंदवताना आधीच्या सगळ्या चाव्यांची नोंद पुसली जाते आणि त्या वेळी समोर असलेल्या चाव्याच पुन्हा नोंदवल्या जातात; त्यामुळे घरातली चावी बाद झाली, हे समजण्यासारखे होते. पण नोंदवलेली दुसरी चावी कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर संभवत होते : दुकानात राहिलेली आमची जुनी चावी.

दीर आणि यजमान यांना घेऊन मी पुन्हा दुकानात गेले. जुनी चावी कचऱ्यात गेली, असे आधी सांगण्यात आले. पोलीस चौकीत जात आहोत असे म्हटल्यावर ती काउंटरच्या खणातून निघाली. तिथेच, दुकानाच्या दारात, दिरांनी मोबाइलवर चित्रीकरण करत ती गाडीला लावली आणि गाडी सुरू झाली. जळालेली, निकामी, टाकून द्यायची म्हणून जी ठेवून घेतली होती, त्याच चावीने. म्हणजे काढलेली चिप पुन्हा तिच्यात बसवलेली होती. त्या माणसाचा हेतू गाडी चोरण्याचा होता असा आरोप मी करणार नाही. परंतु आमची गाडी सुरू करू शकणारी चावी त्याच्या खणात होती, आणि माझा फोन नंबर व गाडीचा नंबर त्याच्या वहीत होता, एवढे खरे आहे.

सर्व्हिस सेंटरने मग सगळ्या नोंदी पुसून आमच्या मूळ दोन चाव्या नव्याने नोंदवून दिल्या, त्याचा खर्च वेगळा. राहिले बिघडलेले बटण. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने ते माझ्यासमोर बदलले. रबरी आवरण बाजूला केल्यावर त्याने दाखवले की लॉकच्या बटणाखालच्या स्विचचा पत्रा दबून सपाट झाला होता. त्याने तो काढला, तसाच दुसरा सोल्डर केला, पट्टीवरची बुरशीसारखी हिरवट पुटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि २०० रुपये घेतले. मूळ बिघाड एवढाच होता.

गाडीच्या चावीचे काम करून घेताना ती नजरेआड नेऊ देऊ नका. कवच उघडायचे असेल तर काउंटरवरच, तुमच्यासमोर उघडायला सांगा, आणि चावी हातात देण्याआधी दुकानदारालाच त्याच चावीने गाडी सुरू करून दाखवा. फोनवर तेवढे चित्रीकरण केले तर फारच उत्तम. रिमोटचा पल्ला कमी झाला असेल तर आधी सेल बदलून पाहा. त्यावर सीआर २०३२ किंवा सीआर १६३२ असा क्रमांक छापलेला असतो, तोच घ्यावा; सीआर २०३२ च्या जागी दिसायला तेवढाच असलेला सीआर २०१६ बसवला, तर तो जाडीला निम्मा असल्याने चावीतला जोडणीचा पत्रा सेलला नीट टेकत नाही आणि बिघाड कायम राहतो. नवी चावी खरोखरच नोंदवावी लागली, तर घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या आणि परतताना प्रत्येकीने गाडी सुरू करून बघा. जुनी चावी कितीही निकामी म्हटली तरी घरी आणा. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दावा मंजूर करण्यापूर्वी साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागतात, आणि त्यांतली एक कुणाच्या तरी खणात राहिली असेल तर त्याचे उत्तर देणे फार कठीण जाते. आम्ही आमच्या विमा कंपनीला घडलेला प्रकार ईमेलने कळवून ठेवला आहे.

बिल न देणे हीसुद्धा क्षुल्लक बाब नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोलिसांकडेही लेखी अर्ज दिला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. यूपीआयची नोंद, दारातले चित्रीकरण आणि सर्व्हिस सेंटरने दिलेला स्कॅनरचा कागद, एवढा पुरावा हाताशी होता. हेल्पलाइनवर तक्रार गेल्यानंतर दुकानदाराने ५,००० रुपये परत पाठवले आणि तक्रार मागे घ्यावी म्हणून निरोपावर निरोप पाठवले. आम्ही ती मागे घेतलेली नाही. उरलेल्या रकमेसाठी आणि सर्व्हिस सेंटरच्या खर्चासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. तिथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. ज्यांनी अलीकडे बाहेर चावी बनवून घेतली आहे, त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीत किती चाव्यांची नोंद आहे, एवढे सर्व्हिस सेंटरला आवर्जून विचारावे.