स्पार्स, स्मॅच की कॉक्सिनेल: कर्नल ड्रायव्हरसाठी आधी काय घ्यावं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्टीसाठी कंट्रोलर बोर्ड बनवणाऱ्या छोट्या टीममध्ये लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सच्या गाभ्यातला (कर्नलमधला) कोड, लिहिणारी एक-दोनच माणसं असतात. कोड न चालवता, नुसता वाचून चुका दाखवणारी स्पार्स, स्मॅच आणि कॉक्सिनेल ही तीन मोफत साधनं त्यांच्यासमोर आहेत. कोणतं जास्त चुका पकडतं, हा प्रश्न नंतरचा. त्यासाठी कोडला हात लावायची तुमची किती तयारी आहे, ते आधी ठरवा.

सगळ्यांत जास्त मेहनत मागतं ते स्पार्स. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००३ मध्ये सुरू केलं. युजरकडून आलेल्या पॉइंटरवर (मेमरीतल्या पत्त्यावर) ‘__युजर’, हार्डवेअरच्या पत्त्यावर ‘__आयओमेम’ अशा खुणा तुम्ही कोडमध्ये करायच्या, मग ते सरमिसळ पकडतं. या खुणांनी ड्रायव्हरचा वेग कमी होत नाही.

भट्टीचं तापमानच घ्या. थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारेची) चिप बऱ्याचदा एसपीआयवरून, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या तारांवरून, वरचा बाइट आधी पाठवते, बोर्डावरचा एआरएम प्रोसेसर सहसा खालचा आधी धरतो. व्हेरिएबल साधा ‘यू१६’ (१६ बिटांचा आकडा) असेल तर कंपाइलर काहीच बोलत नाही आणि पॅनेलवर भलताच आकडा येतो. तोच ‘__बीई१६’ (वरचा बाइट आधी असलेला) केला, तर रूपांतर न करता वापरल्याबरोबर स्पार्स इशारा देतं. असा इशारा ‘__फोर्स’ ही तपासणी टाळायची खूण टाकून दाबू नका, मग खुणा करण्यात अर्थच उरत नाही. अट घालून घेतलेल्या लॉकवर (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या कुलपावर) मात्र स्पार्स कधीकधी विनाकारण तक्रार करतं, तेवढी सवय करून घ्यावी लागते.

दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला जुना ड्रायव्हर गळ्यात पडला असेल, तर आधी स्मॅच. डॅन कार्पेंटर यांनी ते स्पार्सच्याच पायावर उभं केलं, पण त्याला नव्या खुणा लागत नाहीत. पॉइंटर आधी वापरून मग तो नल (रिकामा) आहे का बघणं, एरर आल्यावर लॉक न सोडताच परतणं, असल्या चुका ते वाटेवाटेने जाऊन शोधतं. एका फंक्शनमधून दुसऱ्यात काय जातं हे कळण्यासाठी त्याला संपूर्ण कर्नलचा डेटाबेस बांधावा लागतो. साध्या कॉम्प्युटरवर हे काम रात्री लावून घरी जावं.

कॉक्सिनेलमध्ये चुकीचा साचा नियम म्हणून लिहायचा, ते जुळणाऱ्या जागा शोधतं आणि दुरुस्तीही करतं. कॉन्फिगमध्ये (कर्नल बांधतानाच्या पर्यायांत) बंद असलेला, ‘इफडेफ’ या अटीमधला कोडही त्याला दिसतो, बाकी दोघांना दिसत नाही. नियम लिहायला शिकण्यात वेळ जातो, म्हणून एकाच ड्रायव्हरसाठी कर्नलमधले तयार नियम ‘मेक कॉक्सीचेक’ने चालवले तरी पुरे.

नवा ड्रायव्हर लिहीत असाल, तर माझं मत ठाम आहे: पहिल्या फाइलपासून स्पार्स, ‘मेक सी=१’ लावून. नुकत्याच बदललेल्या फाइलीच तपासल्या जातात, त्यामुळे फारसा वेळ लागत नाही. पॅच (कोडमधला बदल) मुख्य कर्नलकडे पाठवायचा असेल, तर तिन्ही चालवूनच पाठवा. इंटेलचा कर्नल टेस्ट रोबोटही हीच साधनं वापरतो आणि त्याचे इशारे सगळ्यांसमोर ईमेलने येतात.