ॲक्सिओस: कापसाच्या एका हंगामानंतर

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचं आवक नोंदवायचं वेब ॲप मी सांभाळतो. दिवाळीनंतर फाटकाबाहेर बंड्या-ट्रॅक्टरची रांग लागते, काट्यावरचा पोरगा मोबाइलवरूनच वजन चढवतो आणि लाइट गेली की थोड्या वेळात रेंजही जाते. सर्व्हर पडलाय की नेटच गेलंय, हे इथे ॲपलाच ओळखावं लागतं.

सर्व्हरशी बोलायला आधी ब्राउझरमधलंच फेच हे फंक्शन होतं; नंतर ॲक्सिओस ही जावास्क्रिप्टची लायब्ररी घेतली. सर्व्हरने 500 (आतल्या बिघाडाचा कोड) दिलं तरी फेचचं प्रॉमिस रिजेक्ट होत नाही, म्हणजे त्याला ती चूक वाटत नाही; उत्तर पोचलं की त्याचं काम संपलं. उत्तरातलं 'ओके' आपणच तपासायचं, आणि ते 200 ते 299 या कोडलाच खरं असतं. ॲक्सिओस त्याबाहेरचा कोड थेट कॅचमध्ये, म्हणजे चूक हाताळणाऱ्या भागात, टाकतं. एररमध्ये रिस्पॉन्स असेल तर सर्व्हर बोलला, नुसती रिक्वेस्ट असेल तर उत्तर आलंच नाही. ही छाननी मी इंटरसेप्टरमध्ये (ॲक्सिओसचं प्रत्येक उत्तर जिथून जातं तिथे) एकदाच लिहिली. 422 ला 'वजन तपासा', 503 ला 'सर्व्हर बंद आहे, थांबा', उत्तरच नसेल तर 'रेंज नाही'. पूर्वी सगळ्यालाच 'काहीतरी चुकलं' यायचं आणि पोरगा फोन घेऊन रेंज शोधत गच्चीवर जायचा.

पण या वाटणीवर डोळे झाकून विसंबू नका. एपीआय (सर्व्हरचा ॲपशी बोलणारा भाग) वेगळ्या डोमेनवर असेल आणि त्याच्या पुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरने 502 (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न आल्याचा कोड) देताना कॉर्सचे, म्हणजे दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारे, हेडर लावले नाहीत, तर ब्राउझर ते उत्तर दाखवतच नाही. ॲक्सिओसला तोही 'नेटवर्क एरर'च दिसतो. एनजिनएक्सच्या ॲड-हेडरला 'ऑलवेज' जोडलं की हे सुटतं. ॲक्सिओसचा टाइमआउटही (उत्तरासाठी थांबायची मर्यादा) मुळात शून्य आहे, म्हणजे कितीही वेळ वाट पाहणं. तो पहिल्याच दिवशी ठरवा.

ॲक्सिओस आपणहून पुन्हा प्रयत्न करत नाही, आणि ते बरंच आहे. टाइमआउट झाला म्हणजे नोंद झाली नाही असं नसतं. सर्व्हरने लिहून घेतलेलं असतं, उत्तर वाटेत अडकलेलं असतं. बटण परत दाबलं की बारा क्विंटलचे चोवीस, आणि मग काट्यावर जी बाचाबाची होते ती विचारू नका. म्हणून प्रत्येक काटापट्टीला मोबाइलवरच वेगळा आयडी देतो आणि डेटाबेसमध्ये त्याला युनिकची अट घातली आहे, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा चढत नाही. हे कुठलीही लायब्ररी करून देणार नाही.

आजचा भाव दाखवणाऱ्या पानाला मात्र फेचच ठेवलं. तिथे 'ओके'ची एक ओळ पुरते.