क्लायंट मिळवून देतो म्हणणाऱ्यांनी क्लायंटच विकले

समुपदेशनाची स्वतःची प्रॅक्टिस असेल, तर हा फोन तुम्हालाही आला असेल. ‘मॅडम, तुमच्या भागात एवढे लोक गुगलवर काउन्सेलर शोधतात आणि सगळे दुसरीकडे जातात. आम्ही ते तुमच्याकडे वळवतो.’ माझी प्रॅक्टिस नाशिकला आहे. ज्या सायकायट्रिस्टकडून माझे निम्मेअधिक क्लायंट यायचे, ते पुण्याला गेले आणि त्याच सुमारास केबिनचं भाडं वाढलं. तेव्हा मी असा फोन करणाऱ्या एका ऑनलाइन जाहिरातीच्या एजन्सीशी बोलले. नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि नाव बदलून धंदा पुन्हा सुरू करणं यांना फार अवघड नसतं.

त्यांचा जीएसटी क्रमांक मी पोर्टलवर टाकून पाहिला होता, तो खरा निघाला. ऑफिस होतं, कामाला मुलं होती, करारही झाला. हे मुद्दाम सांगते, कारण ‘नोंदणी तपासा’ एवढा सल्ला इथे पुरत नाही. ही माणसं पळून जाणारी नव्हतीच. बसल्या जागी फसवणारी होती.

वेबसाइट, तिचा पत्ता म्हणजे डोमेन, गुगलवरचं प्रोफाइल आणि जाहिराती असं सगळं मिळून पॅकेज होतं. महिन्याची रक्कम पंधरा हजारांच्या थोडी आत. यूपीआय ऑटोपेमध्ये एकदा मंजुरी दिली की पंधरा हजारांपर्यंतचे पुढचे हप्ते दर वेळी पिन न मागता कापले जातात, म्हणून आकडा तेवढ्यातच बसवलेला. जाहिरातीचे पैसे वेगळे, तेही त्यांच्याच खात्यात भरायचे. म्हणजे मी दिलेल्यातले गुगल-फेसबुकला किती गेले आणि त्यांच्याकडे किती राहिले, हे कळायला मला काहीच मार्ग नव्हता. दर महिन्याला रंगीत आलेखांची पीडीएफ यायची. जाहिरात खातं बघू द्या म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘मॅडम, ते एजन्सी लेव्हलला असतं.’

पहिली ठिणगी पडली ती जाहिरातीच्या मजकुरावरून. माझं शिक्षण मानसशास्त्रात एम.ए. आणि समुपदेशनाचा डिप्लोमा. यांनी नावापुढे ‘डॉ.’ आणि खाली ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लावलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. माझ्याकडे ती नाही आणि ती असल्याचं मी कधी सांगितलेलंही नाही. वर आणखी ‘२१ दिवसांत नैराश्यमुक्त’. मी भांडून ते काढायला लावलं. आठवड्याने दुसऱ्या जाहिरातीत पुन्हा तेच.

मग रिव्ह्यू. गुगलवर अचानक पाच-पाच स्टार दिसायला लागले, खाली लांबलचक कहाण्या: कोणाचं लग्न वाचलं, कोणाची दारू सुटली. यातलं एकही माणूस माझ्याकडे आलेलं नव्हतं. इतर धंद्यांत खोटे रिव्ह्यू म्हणजे नुसती लबाडी. आपल्याकडे ती थेट सेशनमध्ये येऊन बसते. माझ्या एका जुन्या क्लायंटने ते वाचले आणि विचारलं, ‘मॅडम, माझंही असंच कुठे लिहिणार का तुम्ही?’ पुढचे कितीतरी आठवडे ती मोजूनमापून बोलत राहिली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची आचारसंहिता तर चालू असलेल्या क्लायंटकडून खरा अभिप्रायही मागू नका म्हणते. इथे खोटे लिहिले जात होते, आणि माझ्या नावावर.

पण हे सगळं किरकोळ वाटावं असा प्रकार पुढे होता.

जाहिरातीवर टिचकी मारली की ‘तुमचं मन कसं आहे? दोन मिनिटांत ओळखा’ अशी चाचणी उघडायची. फेसबुक स्वतःच्या फॉर्ममध्ये मानसिक आरोग्याविषयी प्रश्न विचारू देत नाही, त्याला आधी परवानगी लागते. म्हणून यांनी माणसाला जाहिरातीवरून उचलून स्वतःच्या पानावर आणायची सोय केलेली. प्रश्न त्यांनी पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीतून जसेच्या तसे घेतले होते. आपल्यातल्या, म्हणजे समुपदेशन करणाऱ्या, प्रत्येकाला ती पाठ असते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. आणि नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्या प्रश्नाला कोणी शून्य सोडून दुसरं काहीही म्हटलं, तर आपण कागद बाजूला ठेवतो आणि आधी त्याबद्दल बोलतो. यांच्या पानावर नवव्या प्रश्नानंतर नाव, मोबाइल नंबर आणि ‘सबमिट’. पलीकडे कोणी नाही. साधा १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरसुद्धा तिथे दिला नव्हता.

मला यातलं फक्त नाव आणि नंबर येत असे. एकदा त्यांच्या एका मुलाने चुकून अख्ख्या एक्सेल शीटची लिंक पाठवली, तेव्हा बाकीचे रकाने दिसले. एका ओळीत नवव्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’. तारीख आठवड्यापूर्वीची. नाव माझ्यापर्यंत आलेलंच नव्हतं. मी तिथल्या तिथे फोन लावला. बाई बोलल्या, सुखरूप होत्या. म्हणाल्या, ‘मला तुमच्याकडून फोन येऊन गेला की! दहा सेशन एकदम घेतले तर वीस टक्के सूट म्हणाले.’ त्यांच्या गावाजवळच्या सायकायट्रिस्टची वेळ मी त्यांना घेऊन दिली आणि त्यांच्या बहिणीशीही त्यांच्या परवानगीने बोलले.

ती शीट आणखी कोणाकोणाला दिली आहे, तेही दिसत होतं. त्यात ठाण्याच्या एका मैत्रिणीचा ईमेल होता. तिला फोन केला तर म्हणाली, ‘अगं, मी पण त्यांचीच गिऱ्हाईक!’ आमच्या दोघींच्या याद्या जुळवल्या तर कितीतरी नावं सारखीच. म्हणजे एकच दुखणं घेऊन आलेला माणूस तीन-चार जणींना विकला जात होता, आणि उरलेली नावं ‘वेलनेस कोच’ म्हणवणाऱ्या कोणाला तरी. कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं होतं की जाहिरातीतून आलेली सर्व माहिती एजन्सीच्या मालकीची.

अशा माहितीला केवढा भाव आहे, याचा एक जाहीर दाखला देते. बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने लोकांच्या प्रश्नावल्यांतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर देऊन ते मिटवावं लागलं. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच की, माहिती हाताळायला तिसऱ्याला दिली तरी ज्याच्यासाठी ती गोळा केली त्याची जबाबदारी सुटत नाही. एजन्सीचा माणूस मात्र मला समजावत होता, ‘मॅडम, सगळेच करतात.’ बहुधा खरंच करत असतील.

काम थांबवा म्हटल्यावर त्यांनी गुगल प्रोफाइलवरचा माझा नंबर काढून स्वतःचा टाकला. माझ्या केबिनच्या फोटोखाली त्यांचा नंबर! नवीन माणूस फोन करायचा, तिकडून कोणीतरी ‘मॅडम बिझी आहेत, दुसऱ्या एक्सपर्ट आहेत’ म्हणायचं. क्लायंटला वाटायचं मी टाळते आहे.

अशा कचाट्यात असाल तर आधी ऑटोपे बंद करा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग असतो, तिथून मंजुरी आपली आपण रद्द करता येते, समोरच्याला विचारावं लागत नाही. मग गुगल प्रोफाइल. त्यावर ‘मालकी’ आणि ‘व्यवस्थापन’ असे वेगळे अधिकार असतात आणि माझ्याकडे फक्त दुसरा ठेवलेला होता. मालकीसाठी गुगलकडे विनंती करता येते. आधीच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, त्याने दिलं नाही तर आपला दावा पुढे नेता येतो. केबिनच्या पाटीचा आणि आतल्या खोलीचा व्हिडिओ देऊन मला ते परत मिळालं. खोटे रिव्ह्यू मी एकेक करून गुगलकडे कळवले. काही गेले, काही अजून आहेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली. पैशांचं प्रकरण पोलिसांनी ‘तुमचा आपसातला व्यवहार’ म्हणून बाजूला सारलं, पण शीट दाखवल्यावर ते नीट बसून ऐकू लागले. म्हणून शीट, फोनचे तपशील, जाहिरातींचे स्क्रीनशॉट हे भांडण सुरू व्हायच्या आधी साठवून ठेवा. भांडण झाल्यावर लिंक उघडत नाही.

त्या यादीतल्या ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्यांना मी स्वतः फोन करून सांगितलं की तुमची उत्तरं कोणाकोणाकडे गेली आहेत. काही रागावले, ते साहजिक होतं. दोघा-तिघांनी त्यांना आलेल्या ‘पॅकेज’च्या फोनचं रेकॉर्डिंग पाठवलं. ती तक्रारीला जोडली आहेत.

आता कोणी जाहिरातीचं काम करायला आलं तर मी तीन गोष्टी विचारते. डोमेनचं बिल कोणाच्या नावाने येणार? जाहिरात खातं माझं आणि तुम्हाला त्यात फक्त काम करायचा अधिकार, चालेल का? आणि फॉर्ममध्ये नाव-नंबराखेरीज काय विचारणार? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण आधी हसतात.

जुनं डोमेन अजून त्यांच्याकडेच आहे आणि त्यावर ती चाचणी अजून चालू आहे, फक्त माझा फोटो काढून दुसऱ्या कोणाचा तरी लावला आहे. फोटोतली बाई कोण, हे मी शोधते आहे. कोणी ओळखत असेल तर तिला हे वाचायला द्या.