मोमेटासोनचा नाकातला स्प्रे: सात महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात पुन्हा शिंका सुरू झाल्या. सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा, नाक चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी. मोमेटासोनचा, म्हणजे नाकाच्या ॲलर्जीवरच्या स्टेरॉइडचा स्प्रे रोज नेमाने मारत होते. बाटली हलवली की आत खळखळ वाजत होती, फवाराही येत होता. औषध बोगस निघालं असं समजून भांडायच्या तयारीनेच मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने एवढंच विचारलं, "ताई, बाटली उघडली कधी?"

बाटलीत 120 फवारे. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन, म्हणजे दिवसाला चार आणि महिन्यात बाटली संपली. माझा चाळिसावा दिवस होता. 120 नंतरही फवारा येतो, पण त्यात ठरलेला डोस असेलच असं नाही. तळाशी उरलेलं औषध टाकूनच द्यायचं असतं.

मला राग याचाच आहे. साडेतीनशे रुपयांची बाटली, पांढरी, आतलं काही दिसत नाही आणि मोजणी कुठेच नाही. दम्याच्या काही इन्हेलरवर उरलेल्या डोसांचा उलटा आकडा येतो, मग इथे का नाही? मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी वजनं लिहिते, तिथे पाव किलोची चूक खपत नाही. इथे दहा दिवस मी काय ओढत होते कुणास ठाऊक.

एवढं सोडलं तर औषधाबद्दल माझं मत पार बदललं. हळदीच्या हंगामात सौदे सुरू झाले की दुकानभर धूळ. आधीचे तीन हंगाम मी बीटामेथासोन या स्टेरॉइडची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घ्यायचे. पाकिटावर लाल रेघ असूनही चिठ्ठीशिवाय मिळायची आणि दुसऱ्या दिवशी नाक मोकळं. मग सासूबाईंनी गुडघ्यांसाठी माझ्याच पाकिटातल्या चार दिवस घेतल्या. त्यांना मधुमेह आहे, साखर तीनशेच्या वर गेली. ती रात्र मी विसरणार नाही.

मिरजेच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं. गोळी अंगभर फिरते, साखर आणि बीपी वाढवते, फार दिवस घेतली तर हाडं ठिसूळ करते. शिवाय शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं, म्हणून बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडायची नाही, डॉक्टर सांगतील तशी उतरवायची. स्प्रेच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम, दिवसाचे 200. गोळीत 500. आणि स्प्रेतलं रक्तात फारच थोडं जातं.

पहिला आठवडा मला काही फरक वाटला नाही, पैसे पाण्यात गेले असं घरात बोलूनही दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं, शिंकच नाही. एप्रिलमध्ये रुमालावर रक्त दिसलं तेव्हा घाबरून बंद करणार होते. चूक माझ्या हाताची निघाली. मी नोझल नाकाच्या मधल्या पडद्यावर रोखत होते. आता डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, टोक बाहेरच्या बाजूला, आणि श्वास हळू. मारण्याआधी बाटली हलवायची. रक्त पुन्हा आलं नाही. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या असंही डॉक्टरांनी सांगितलंय, त्याची वेळ घेतली आहे.

आता डोस निम्मा झालाय, दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा. बाटलीवर मार्करने तारीख लिहिते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज दोन रेघा ओढते. आज चौसष्ट झाल्या.