गाडीचे आवाज बंद करायच्या नादात आठ महिने: काय टिकलं, काय वाया गेलं

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे गाडीवरच घसरतील आणि मुद्दा बाजूला राहील. २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मी दुसरा मालक, ९४ हजार किमी झालेत. इंजिन ठणठणीत, एसी गार, साताऱ्याहून पुण्याला महिन्यातून तीन-चार फेऱ्या बिनबोभाट होतात. पण आवाज असे की आईने तिला बोहारणीची पाटी म्हणायला सुरुवात केली होती. दिवाळीत हे सगळं मनावर घेतलं, आता आषाढ आलाय, म्हणजे थंडी, उन्हाळा आणि थोडा पाऊस असं तिन्ही बघून झालंय, म्हणून लिहितोय.

पहिला गाढवपणा आधीच सांगून टाकतो. आवाज कुठून येतो हे न शोधता मी चारही दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर आणि आवाज दाबणारा चिकट थर) मारून घेतली, नऊ हजार गेले. दार लावलं की आता थप्प असा भारी गाडीसारखा आवाज येतो, काँक्रीटच्या रस्त्यावर टायरची घरघर थोडी कमी झाली, आणि शीट अजून कुठे सुटलेली नाही. पण झालं काय, बाहेरचा गोंगाट कमी झाल्यावर आतली खडखड आणखी स्वच्छ ऐकू यायला लागली! आधी रेडिओ लावला की भागायचं, आता तेही नाही. शीट वाईट नाही हो, पण ती सगळ्यात शेवटी करायची गोष्ट आहे.

मग आमच्या मिस्त्रींनी एक वाक्य ऐकवलं, "साहेब, आवाज येतो आवाज येतो म्हणू नका, कसा येतो ते सांगा, खट का खुळखुळ का कुरकुर." मला आधी हसू आलं, पण खरंच सांगतो, अर्धं निदान त्या शब्दातच असतं. खट म्हणजे बहुतेक वेळा खाली कुठल्यातरी जॉइंटला प्ले आलाय, म्हणजे तो ढिला झालाय. खुळखुळ म्हणजे पातळ पत्रा किंवा सुटलेली बारीक वस्तू. कुरकुर म्हणजे प्लास्टिक किंवा रबर एकमेकांवर घासतंय. आणि घूंऽऽ असा वेगाबरोबर चढत जाणारा आवाज म्हणजे चाकाकडचं काम. तेव्हापासून मी मोबाईलमध्ये लिहून ठेवायला लागलो की कोणता आवाज, किती स्पीडला, गाडी गार असताना की तापल्यावर, ब्रेकवर पाय ठेवला की थांबतो का, स्टिअरिंग वळवल्यावर वाढतो का.

आता खट. पुढून, वीस-तीसच्या स्पीडला, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर खट खट खट. एका वर्कशॉपमध्ये दाखवली तर गाडीखाली न वाकताच "दोन्ही शॉकअप गेलेत, अकरा हजार" म्हणून मोकळे. पण शॉकअपला तेल गळत नव्हतं, बॉनेट दाबून सोडलं तर गाडी एकदाच वर येऊन थांबायची. मला खटकलं. मिस्त्रींनी सोपी युक्ती सांगितली, सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून दोन्ही पुढची चाकं एकदम नेऊन बघा आणि मग फक्त एक चाक खड्ड्यातून नेऊन बघा. दोन्ही चाकं एकदम वर गेली की गाडी गप्प, एकच गेलं की खट! कारण असं की दोन्ही चाकं बरोबर उचलली तर स्टॅबिलायझर बारला (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा, वळणावर गाडी कमी कलू देणारा दांडा) पीळच बसत नाही, त्याच्या लिंक रॉडवर (बार चाकाकडे जोडणारी छोटी दांडी) जोर येत नाही, एक चाक वर एक खाली झालं की सगळा ताण लिंकच्या छोट्या बॉल जॉइंटवर. मिस्त्रींनी दोन्ही लिंक सोडून बार मोकळा ठेवला आणि गल्लीत हळू एक चक्कर मारली, आवाज गायब. (असं सोडून हायवेला जायचं नाही, वळणावर गाडी फार कलते.) लोकल जोडी नऊशेला बसवली, ती बरोबर चार महिन्यांत परत बोलायला लागली, मग पुण्याला गेलो तेव्हा नाना पेठेतून कंपनीची जोडी एकवीसशेला आणली, ती अजून गप्प आहे. इथे पैसे वाचवायला जाऊ नका, मजुरी दोनदा जाते.

लिंकची पहिली जोडी बसवली त्याच वेळी लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा हात) बुशही, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबरी तुकडे, बदलले. हे मी दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे बदलून घेतले होते आणि सहा महिन्यांत रबर फाटलं होतं, तेव्हा मी पार्टला शिव्या घातल्या. चूक बसवण्यातली होती. गाडी जॅकवर चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट फुल आवळले होते, मग गाडी खाली आली की त्या रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते फाटतंच. यावेळी बोल्ट आधी नुसते धरवले, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचं आवळलं. आठ महिने झाले, परवा टॉर्च मारून बघितलं, एक चीर नाही. तुमच्याकडे काम चालू असेल तर चहाला जाऊ नका, एवढं उभं राहून बघा.

घूंऽऽ सापडायला वेळ लागला. साठच्या पुढे सुरू व्हायचं आणि मला वाटायचं टायरच जुने झालेत. एकदा साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात बायको चालवत होती आणि मी बाजूला काच खाली करून बसलो होतो, भिंतीवरून आवाज असा काही परत आला की तिने पण विचारलं "हे विमान कुठून आलं?" मग टायर पुढचे मागे करून बघितले, आवाज तिथेच, म्हणजे टायर निर्दोष. नंतर रिकाम्या सरळ रस्त्यावर हळूच डावीकडे घेतली की वाढायचा, उजवीकडे घेतली की कमी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून उजवं पुढचं बेअरिंग. प्रेसवर काढून नवीन बसवलं, मजुरीसकट सव्वीसशे, आणि फरक एवढा की त्या दिवशी घरी येताना बायकोशी हळू आवाजात बोलता आलं.

खुळखुळमध्ये तर निम्मा वेळ हसण्यात गेला. सायलेन्सरवरचा हीट शील्डचा पत्रा बोल्टपाशी गंजून सैल झाला होता, सिग्नलला एसी चालू करून उभं राहिलं की डब्यात खिळे हलवल्यासारखा वाजायचा. गाडी रात्रभर गार होऊ दिली आणि सकाळी चाळीस रुपयांची मोठी होज क्लिप गुंडाळून आवळली, अजून जागची हललेली नाही. लोक तो पत्रा काढूनच टाकतात, तसं करू नका, सायलेन्सरची वर जाणारी उष्णता अडवायला तो असतो. नंबर प्लेटमागे रबराचे दोन तुकडे, डिकीतल्या जॅकला जुनं फडकं, मागच्या सीटबेल्टचं बक्कल प्लास्टिकवर आपटत होतं ते अडकवून ठेवलं. आणि डॅशबोर्डमधली ती बारीक टिकटिक, जिच्यासाठी मी एका रविवारी ग्लोव्ह बॉक्स उतरवून स्टिरिओसुद्धा बाहेर काढला होता, ती निघाली डॅशबोर्डवरच्या गणपतीची. खालची डबल टेप उन्हाने वाळली होती, बाप्पा दर खड्ड्याला टिक टिक डुलत होते. आईने बोटाने धरले आणि आवाज बंद. मी तीन तास डॅश खोलून बसलो होतो, ती जेवायला बोलवायला आली होती.

कुरकुरीसाठी जे जे वापरलं त्याचा खरा रिव्ह्यू आता. फोमची टेप अजिबात घेऊ नका, एप्रिल-मे मध्ये गाडी उन्हात उभी राहिली आणि तिचा गोंद काकवीसारखा ओघळला. कापडी फेल्ट टेप, वायरिंगला गुंडाळतात त्या जातीची, अडीचशेचा रोल, डॅशच्या आत आणि दाराच्या पॅनेलच्या क्लिपांमागे लावली ती जशीच्या तशी आहे. दाराच्या बीडिंगला (कडेच्या रबरी पट्टीला) सिलिकॉन स्प्रे दोन-तीन आठवडे चालतो, सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळून लावलं तर तीन-चार महिने. आईच्या सांगण्यावरून टाल्कम पावडरही लावून बघितली, थंडीत एकदम मस्त, पहिल्या पावसात तिची कणीक झाली. माझ्या मावसभावाने बीडिंगला इंजिन ऑइल लावलं होतं, त्याचं रबर फुगून दार लागेना झालं.

पॅनेल काढायला प्लास्टिकचं टूल घ्या, स्क्रू ड्रायव्हरने कडा चेपतात. चौदा वर्षांच्या क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात, माझ्या पहिल्याच दाराला पाच गेल्या आणि त्या सुटलेल्या जागेचा नवीनच आवाज सुरू झाला, म्हणून दहा-बारा जास्तीच्या आधीच आणून ठेवा. आणि डॅशमध्ये पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तिथेच थांबा, ती एअरबॅगची वायर असते.

हिशोब केला तर शीटचे नऊ हजार सोडून सगळं मिळून आठ हजारांच्या आत झालं. अजून एक आवाज बाकी आहे, मागे डावीकडे, रात्रभर पाऊस पडून गेला की सकाळी पहिले दोन-तीन किमी कुर्र कुर्र, मग आपोआप बंद. पार्सल ट्रेच्या (मागच्या सीटमागे डिकीवर असते ती फळी) बिजागरीवर संशय आहे, रविवारी ट्रे घरी ठेवून एक चक्कर मारणार आहे, पाऊस पडला तर.