खोल भिंतीच्या डाइव्हला साधी हवा की नायट्रॉक्स?

गोव्याच्या ग्रांद बेटापाशी बारा-चौदा मीटर खोलीवर स्कूबा डाइव्हसाठी नायट्रॉक्सचे (साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेल्या मिश्रणाचे) पैसे भरणे म्हणजे उधळपट्टी. प्रश्न येतो तो गोव्यात कोर्स करून अंदमानच्या समुद्राखालच्या खोल, उभ्या खडकाच्या भिंतीवर उतरताना.

३० मीटरवर साध्या हवेत डीकॉम्प्रेशनशिवाय (वर येताना सक्तीचे थांबे न घेता) सुमारे २० मिनिटे मिळतात, ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सवर ३०च्या आसपास. पण हिशेब करा: ११ लिटरचा सिलिंडर, २०० बार, ५० राखीव; उरले १६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला तिथल्या चौपट दाबात ८० लागतात, म्हणजे हवाच जेमतेम २० मिनिटे पुरते! पहिल्या डाइव्हला वेळेचा फायदा फारसा नाहीच. तो दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला दिसतो.

उलट ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सची खोलीची मर्यादा ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाला ३३ मीटर. भिंतीला तळ दिसत नाही, आणि खडकातल्या बोगद्याचे तोंड ३० मीटरवर असले तरी दुसरे टोक ३६वर उघडू शकते. मर्यादेखाली गेल्यास होऊ शकणारी ऑक्सिजनची बाधा (आकडीसारखे झटके) बहुधा पूर्वसूचना देत नाही. असा बोगदा असेल तर साधी हवाच बरी.

नायट्रॉक्स घेतलाच तर ॲनालायझर (ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारे यंत्र) साध्या हवेवर २०.९ टक्क्यांना लावून सिलिंडर स्वतः मोजा, आकडा टेपवर लिहा, मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्येही तोच भरा.