दम्याचा पंप, स्पेसर आणि पावडरचं यंत्र: शिकाऊ हातांसाठी पारख

सॅल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या दम्याच्या औषधाची क्रिया उत्तरपत्रिकेत दोन ओळींत संपते: बीटा-२ रिसेप्टर, पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं, श्वासनलिकेचा स्नायू सैल पडतो. हे औषध तिथवर पोचतं की नाही, ते मात्र ज्या साधनातून दिलं जातं त्याच्या हाती असतं, आणि ते साधन नीट उघडून पाहिल्याशिवायच पुष्कळ जण रुग्णाला शिकवायला उभे राहतात. नर्सिंग, फार्मसी आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी सरावासाठी काय जवळ ठेवावं, या हिशेबाने तिन्ही साधनांकडे पाहिलं आहे.

साधा पंप १९५६ साली आला. ढाचा अजून तोच आहे: दाबाखाली भरलेला कॅनिस्टर, दर दाबाला मोजून औषध सोडणारा व्हॉल्व्ह आणि बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण. ओझोनच्या थरासाठी १९८७ साली झालेल्या माँट्रियल करारामुळे पुढे औषध बाहेर ढकलणारा वायू, म्हणजे प्रोपेलंट, बदलला आणि सीएफसी जाऊन एचएफए आला, एवढाच मोठा फरक. सॅल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या पंपात एका फवाऱ्याला १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. लहान, खिशात मावणारा, काही सेकंदांत वापरता येणारा. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

खरी अडचण फवाऱ्याच्या वेगाची आहे. खालच्या श्वासनलिकांत उतरायला कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे लागतात. पंपातून ताजे निघालेले थेंब त्याहून मोठे आणि भरधाव असतात, त्यामुळे बरेचसे घशावर आदळतात. दाब आणि श्वास यांची वेळ जुळली नाही तर बहुतेक डोस तिथेच थांबतो आणि गिळला जातो. गिळलेल्याचं पुढे काय होतं, हे औषधावर ठरतं. सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडांपैकी फ्लुटिकासोन यकृतात पहिल्याच फेरीत जवळजवळ पूर्ण निकामी होतं, बुडेसोनाइडचा दहाएक टक्के भाग रक्तात पोचतो. घशात चिकटलेल्या स्टेरॉइडमुळे आवाज बसतो आणि तोंडात कॅन्डिडाची पांढरी बुरशी धरते. म्हणून स्टेरॉइडनंतर चूळ भरायची आणि ते पाणी थुंकायचं. ‘चूळ भरा’ एवढंच सांगितलं तर काही जण तेच पाणी गिळून मोकळे होतात.

पंपाची पद्धत अशी: झाकण काढून माउथपीसमध्ये काही अडकलं नाही ना ते पाहा, पंप चांगला हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा. हळू श्वास आत घ्यायला सुरुवात झाली की त्याच क्षणी दाबा, तीन ते पाच सेकंद ओढत राहा आणि १० सेकंद रोखून धरा. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटानंतर. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर माहितीपत्रकात सांगितले तेवढे फवारे आधी हवेत सोडा.

ही वेळ जुळवण्याची कटकट स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी, बरीचशी संपवतो, आणि तिघांमध्ये आमचं झुकतं माप त्यालाच आहे. नळीत फवाऱ्याचा वेग मोडतो, प्रोपेलंट उडून जातं, थेंब बारीक होतात, जड कण घशाऐवजी भिंतीला चिकटतात. विकत घेताना एकदिशा व्हॉल्व्ह आहे की नाही ते आधी बघा. तो श्वास घेताना उघडला पाहिजे आणि सोडताना मिटला पाहिजे. कडा मुडपलेली किंवा चिरलेली असेल तर तो स्पेसर परत करा. काहींना शिट्टी असते. श्वास फार जोरात ओढला की ती वाजते. शिकवताना ही सोय फार उपयोगी पडते, फक्त लहान मुलं मुद्दाम वाजवत बसतात.

स्पेसर वापरताना दोन चुका हमखास दिसतात. पहिली, एकामागोमाग चार फवारे नळीत भरायचे आणि मग श्वास घ्यायचा. कण एकमेकांवर आपटून मोठे होतात, भिंतीला बसतात, आणि चार फवाऱ्यांचं औषध मिळत नाही. एक फवारा, त्यावर चार ते सहा संथ श्वास, मग पुढचा. दुसरी चूक धुताना होते. प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार असला की औषध नळीलाच चिकटतं, आणि कोरड्या फडक्याने पुसल्यावर तो भार वाढतो. कोमट साबणपाण्यात बुडवा, झटका, पुसू नका, तसाच वाळू द्या. नवा स्पेसरही पहिल्या वापराआधी असाच धुवावा. धातूच्या किंवा अँटिस्टॅटिक स्पेसरला हा त्रास कमी.

सौम्य ते मध्यम अटॅकमध्ये पहिल्या तासात दर २० मिनिटांनी सॅल्ब्युटामॉलचे ४ ते १० फवारे स्पेसरमधून देतात. जीवावर बेतलेला अटॅक नसेल तर परिणाम नेब्युलायझरच्या, म्हणजे औषधाची वाफेसारखी फवार करणाऱ्या यंत्राच्या, तोडीचा मिळतो. एवढ्या डोसला हात थरथरतात, नाडी वाढते, पोटॅशियम खाली येतं. थरथर दिसली की ‘औषध सोसत नाही’ असा शेरा घाईने मारू नये.

पावडरच्या यंत्रात प्रोपेलंट नसतं, त्यामुळे दाब आणि श्वासाची जुळवाजुळव लागत नाही. औषध ओढून घेण्याची ताकद रुग्णालाच लावावी लागते, तीही पहिल्या क्षणापासून जोरात. पंपाच्या नेमकं उलट! दोन्ही साधनं एकाच रुग्णाला लिहून दिली की गोंधळ ठरलेला. फार लहान मुलांना आणि दम लागून गळून गेलेल्याला तेवढा जोर लावता येत नाही. यंत्रात फुंकर मारली की ओलाव्याने पावडर गोळा होते. कॅप्सूलचं यंत्र असेल तर ओढताना कॅप्सूल फिरल्याचा खुळखुळ आवाज यायला हवा, आणि नंतर उघडून आत पावडर उरली का ते बघावं. उरली असेल तर त्याच कॅप्सूलमधून पुन्हा ओढावी. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही भेटतात, तेव्हा ‘गिळायची नाही’ हे वेगळं सांगा. बऱ्याच पावडरींत लॅक्टोज असतं, म्हणून दुधाच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी आधी विचारावी.

दोन पंपांतून एक निवडायचा असेल तर उरलेले डोस दाखवणारा डोस-काउंटर असलेलाच घ्या. काउंटर नसलेला २०० डोसचा पंप दोनशेव्या फवाऱ्यानंतरही सुरूच राहतो, कारण प्रोपेलंट शिल्लक असतं, पण त्यात औषध किती आहे याचा भरवसा नसतो. कॅनिस्टर पाण्यात तरंगवून किंवा कानाशी हलवून अंदाज घेणं सोडून द्या. रोज दोनदा दोन फवारे म्हणजे दिवसाला चार, म्हणजे १२० डोसचा पंप ३० दिवसांत संपतो. सुरू केल्याची तारीख पंपावरच लिहून ठेवा. रिलीव्हर, म्हणजे दम लागल्यावर घ्यायचा सॅल्ब्युटामॉलसारखा पंप, मात्र वर्षाला २०० डोसचे तीन किंवा अधिक कॅनिस्टर लागत असतील, तर श्वासनलिकेतली सूज आवाक्यात नाही आणि मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला आहे. दम्याच्या उपचारांवरील जागतिक मार्गदर्शक गट ‘जीना’ने २०१९ पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना एकटं सॅल्ब्युटामॉल देऊ नये, सोबत इनहेल्ड स्टेरॉइड असावं, अशी शिफारस केली आहे.